लाख्याच्या अंगावरचा चीक

तुमचा दिवा मी विझवला. तेराव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पितळी वाटी पालथी घालून, स्वतःच्या हाताने. तुमच्या निफाडच्या आत्या कधीतरी तुम्हाला भेटतील तेव्हा पहिलं हेच सांगतील, आणि त्यांच्या पद्धतीने तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून त्याआधी माझ्याकडून ऐका. लाख्याला वाचवायचं होतं. तुमचा दिवा आणि तुमचा कुत्रा, दोन्ही त्या क्षणी मला सांभाळता येत नव्हते.

हे लिहितानाही भीती वाटते. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "भागूबाई, आता कशाला घाबरतेस, झालं ना सगळं?" पण माझं तसंच आहे. होताना मी काहीतरी करून टाकते आणि नंतर बसून घाबरते. गेले काही दिवस मी बसून घाबरतेच आहे.

मी कशाकशाला भिते ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सिलिंडर बदलायचा झाला की मी अंगणात जाऊन उभी राहायचे आणि तुम्ही आतून मुद्दाम "अरे बापरे" म्हणायचात. आणि कुत्रं म्हटलं की माझा जीव अर्धा व्हायचा. चांदवडला शाळेतून येताना एकाने पोटरी धरली होती, तेव्हापासून. हे सगळं माहीत असून तुम्ही हरसूलच्या बाजारातून ते पिल्लू शर्टात घालून आणलंत. तिकडे कुणाच्या तरी बंगल्यातली कपाटं पॉलिश करायला गेला होतात, आणि आलात ते हे घेऊन. मी म्हणाले, हे घरात राहणार असेल तर मी माहेरी जाते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिथे तर दोन आहेत."

लाखेच्या पॉलिशचा पहिला हात दिल्यावर सागवानाला जो रंग येतो, तोच त्याचा रंग. म्हणून लाख्या. आई गावठी आणि बाप कुठला तरी झुपकेदार, त्यामुळे मान, कान आणि शेपटी केसांनी भरलेली. आपला करार ठरला होता: त्याने उंबरठ्याच्या आत यायचं नाही आणि मी त्याला हात लावायचा नाही. त्याची थाळी मी केरसुणीच्या दांड्याने पुढे ढकलायचे. तुम्ही सारखे मागे लागायचात, एकदा हात लावून बघ, एकदाच. मी म्हणायचे, त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल. त्याने करार पाळला. मला वाटतं, तुम्ही त्याला काहीतरी सांगून ठेवलं असणार.

आपला दुसरा वाद थिनरचा. संध्याकाळी कामावरून आलात की न्हाणीघरात जायच्या आधी तुम्ही मागच्या नळाशी थांबायचात. चिंधी थिनरमध्ये बुडवायची, कोपरापर्यंत हात पुसायचे, मानेवर उडालेला थेंब पुसायचा, मग साबण. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटलं होतं, अंगदुखीचं काही औषध असेल. नंतर कळलं, दारं-खिडक्यांचं पॉलिश पातळ करायचं आणि ब्रश धुवायचं जे पाणी, त्यानेच तुम्ही स्वतःलाही धुता. तुमच्या हाताची कातडी ऐन उन्हाळ्यातही फुटलेली असायची. मी गोडेतेलाची वाटी आणून नळाशी ठेवायचे. आधी तेल चोळा, मग साबण लावा, डाग निघतो. तुम्ही हसायचात. "सुमन, थिनरने जुना दरवाजा नवा होतो. मी तर माणूस आहे." तुमचा धाकटा भाऊ दिलीप तुमच्याच हाताखाली शिकलेला, तो शेजारी उभा राहून तेच करायचा आणि तुमच्यासारखाच हसायचा.

मग तो खोकला आला. डॉक्टरांनी थिनरचं नाव घेतलं नाही, हे मला मान्य आहे. ते म्हणाले, छातीच्या अशा आजाराला पुष्कळ कारणं असतात, कामावरचा वास आणि धूळ हेही एक असू शकेल. बाहेर आल्यावर तुम्ही लगेच तेवढंच धरलंत. "ऐकलंस ना, असू शकेल म्हणाले, आहे म्हणाले नाहीत." तो वाद तिथेच राहिला. मला तो जिंकायचा नव्हता हो. मला फक्त तुम्ही हात तेलाने धुवायला हवे होतात.

तुम्ही गेल्यापासून लाख्या फणसाखाली पडून होता. मागच्या अंगणातला आपला फणस, तिथून फाटक दिसतं आणि तुमच्या गाडीची जागाही दिसते. तुम्हाला पुढच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा त्याने दाराबाहेरून सगळं पाहिलं. तरीही तो फाटकाकडे तोंड करूनच पडायचा. थाळी ढकलली तर वास घ्यायचा आणि पुन्हा डोकं खाली ठेवायचा. मी लांबून म्हणायचे, खा रे. आम्ही दोघे एकमेकांना घाबरत, लांबूनच तुमचं सुतक पाळत होतो.

आपल्याला मूल नाही, म्हणून अग्नी दिलीपनेच दिला. गोदावरीवर दहावा झाला, त्याचं डोकं भादरलं. तेराव्याला अंगणात मांडव घालायचा ठरला आणि फणसाची ती खालची फांदी मांडवाच्या बांबूला आडवी येत होती. ती फांदी मी किती वर्षं तोडायला सांगत होते, आणि तुम्ही म्हणायचात, हिलाच सगळ्यात जास्त फणस लागतात. दिलीपने संध्याकाळी कोयता घेतला आणि तोडली. मला वाईट वाटलं. तोडलेल्या जागेवरून पांढरा चीक रात्रभर ठिबकत राहिला, आणि त्याच्या बरोबर खाली लाख्या झोपलेला होता.

सकाळी पाहिलं तर त्याचा डावा कान मानेला चिकटलेला. खांद्यापासून पाठीपर्यंत केसांचे गठ्ठे झालेले, त्यात सुकी पानं, माती, मांडवाच्या दोरीचे तंतू. पुढच्या एका पायाच्या बोटांमध्येही चीक गेलेला, त्यामुळे तो पाय उचलून धरत होता आणि दातांनी तिथे ओढत होता. फणसाचा चीक तुम्हाला माहीत आहे. कोवळा असतो तोवर दुधासारखा, आणि सुकला की सुटत नाही.

दुपारी दिलीपने पाहिलं आणि म्हणाला, "चीकच आहे ना वहिनी. थिनरने आत्ता काढतो." मी नको म्हणेपर्यंत तो तुमच्या पॉलिशच्या शेडमधून डबा घेऊन आला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात काहीही चिकटलं, काहीही डागाळलं, की पहिला हात त्याच डब्याकडे जातो. दुसऱ्या कुणाच्या घरी कुत्र्याला चीक लागला असता तर त्यांना थिनर सुचलंही नसतं, कारण त्यांच्या घरात तो डबाच नसता.

त्याने चिंधी भिजवली आणि लाख्याच्या खांद्यावर फिरवली. आणि खरं सांगते, लाख्याने शेपटी हलवली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तो उठून उभा राहिला, दिलीपच्या हातांचा वास घेतला, नाक चिंधीत खुपसलं. मलाही क्षणभर बरं वाटलं, कारण तो वास अंगणभर पसरला आणि संध्याकाळी तुम्ही नळाशी उभे असायचात तसं वाटलं. मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. दिलीपला जोर आला. गठ्ठा सुटत नाही म्हणून त्याने डबा वाकवून थोडं मानेवरच ओतलं.

आणि लाख्या ते चाटायला लागला. खांदा, पाय, दिलीपची बोटं. तेव्हा मला कळलं, तो चीक काढायला चाटत नव्हता. त्याला तुम्ही सापडला होतात.

"दिलीप, थांब, तो पितोय ते," मी ओरडले. दिलीप म्हणाला, "काही होत नाही वहिनी, उडून जातं." तेवढ्यात मानेची कातडी चुरचुरली असणार. लाख्या कळवळून ओरडला, दिलीपच्या हाताला हिसडा देऊन सुटला आणि धावला. फाटकाकडे गेला नाही. सगळ्या करारांच्या विरुद्ध उंबरठा ओलांडून थेट पुढच्या खोलीत गेला, जिथे तुम्हाला ठेवलं होतं.

तिथे तुमचा दिवा होता. जमिनीवर, भिंतीशी, फोटोपुढे. त्याची वात मी रोज पुढे सरकवत होते, तेल घालत होते, त्याला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून ठेवलेली. आत्या स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. आणि मान थिनरने भिजलेला लाख्या दिव्याच्या शेजारी, अगदी शेजारी, अंग घासत जमिनीवर लोळत होता.

शेडच्या दारावर तुम्ही स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं होतं, बिडी-काडी बंद. मला तेवढंच आठवलं. मी धावले. मध्ये फक्त लाख्या होता, त्याचं उघडं तोंड होतं आणि ते दात होते. त्याच्या तोंडावरून हात पलीकडे नेल्याशिवाय दिव्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मी हात नेला. फोटोपुढची पितळी वाटी उचलली, त्यातलं पाणी सांडलं, आणि ती दिव्यावर पालथी घातली.

"आत्या, गॅस बंद करा," मी म्हणाले. आवाज निघेना, म्हणून पुन्हा म्हणाले.

आत्या दारात आल्या, हातात गाळणी. त्यांनी पालथी वाटी पाहिली. "अगं, दिवा इझवला?"

"गॅस बंद केला का?"

"केला. पण हे काय केलंस सुमन? त्याला वाट दिसायची नाय आता. तेरावा उद्या हाय."

लाख्याचा पट्टा माझ्या मुठीत होता. तो मी कधी धरला मला आठवत नाही. तो गुरगुरत होता, त्याची मान माझ्या हाताखाली थरथरत होती, आणि तो वास नाकात इतका भरला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. तशीच त्याला ओढत मी बाहेर नेलं. पहिल्यांदा हात लावला तो असा. तुम्ही किती वेळा म्हणाला होतात, मऊ आहे गं तो. तेव्हा कुठे मऊ होता, नुसता चिकट आणि ओला होता.

तुमच्या फोनमध्ये नंबर होता, "लाख्याच्या डॉक्टर" या नावाने. माझं नाव तुम्ही नुसतं "घर" म्हणून ठेवलंय, ते त्याच वेळी दिसलं. डॉक्टर मॅडमनी ओळखलं. मी सगळं एका दमात सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, फक्त भराभर विचारलं, किती वेळ झाला, किती चाटलं, खोकतोय का, उलटी झाली का, तोल जातोय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "उलटी करवायची नाही, काही झालं तरी. ते छातीत गेलं तर जास्त वाईट. आधी ते थिनर धुऊन काढा, उघड्यावर, बाथरूममध्ये कोंडून नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. त्याला चाटू देऊ नका. डोळ्यांत जाऊ देऊ नका. मग घेऊन या. खोकला किंवा धाप लागली तर धूत बसू नका, तसंच उचलून आणा." आणि शेवटी म्हणाल्या, "ज्यांच्या हाताला थिनर आहे त्यांनी लांब राहा."

दिलीप लांब झाला. आत्या सांधेदुखीच्या. राहिले मी.

त्यांनी छातीचं नाव घेतलं. तुमच्या आजारात हाच शब्द मी इतके दिवस ऐकला होता. आता पुन्हा तोच, आणि या वेळी कुठली मशीन नाही, नर्स नाही, सगळं माझ्याच दोन हातांवर. मी देवाला नाही, तुम्हाला म्हटलं, याला घेऊन जाऊ नका. तुम्हाला तिथे सोबत लागत असेल हे मला कळतं. तरी नका नेऊ.

गॅस लावायचा नव्हता, पण उन्हाने वरच्या टाकीतलं पाणी कोमटच होतं. पट्टा फणसाच्या बुंध्याला आखूड बांधला, ताजा चीक नव्हता त्या बाजूला. आत्यांनी पायरीवर बसून त्याच्या तोंडापुढे सुपडी धरली, चाटायला वळला की आडवी करायची. लिक्विड लावलं, धुतलं, पुन्हा लावलं, पुन्हा धुतलं. मी प्रत्येक वेळी नाक त्याच्या मानेजवळ नेऊन बघत होते वास गेला का. मी, कुत्र्याच्या मानेशी नाक. वास कमी कमी होत गेला. आणि मला त्याचं वाईटही वाटत होतं. घरातला तुमचा तेवढाच वास उरला होता आणि मी तो भांड्यांच्या साबणाने धुऊन नाल्यात सोडत होते.

लाख्यानेही मधेच धडपड थांबवली. मान खाली घातली. त्यालाही कळलं असेल.

थिनर गेलं, चीक मात्र होता तसाच. दिलीप लांबून म्हणाला, "कटरने गठ्ठेच कापतो ना वहिनी." मी म्हणाले, "तू जवळ येऊ नकोस." त्या कानाची कातडी किती पातळ असते, गठ्ठ्याखाली केस कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. मला तुम्ही फणस फोडताना दिसलात. खाली वर्तमानपत्र, सुरीला तेल, हाताला कोपरापर्यंत तेल, आणि मला सांगणं: तेल असलं की चीक धरत नाही. एवढं सगळं तेलात करून शेवटी हात पुसायला मात्र थिनरच घ्यायचात, यावरून मी दर वर्षी चिडायचे. पण तेल तुम्हीच शिकवलंत, ते खरं.

वाटीभर गोडेतेल घेतलं. एकेक गठ्ठा बोटांत धरून तेल आत जिरवत गेले, ओढायचं नाही, नुसतं चुरायचं. आधी काहीच होत नाही. मग कडेचा एखादा केस सुटतो. मग चीक रबरासारखा मऊ होतो आणि केसावरून घसरायला लागतो. तो जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने टिपून घ्यायचा, पुन्हा तेल. पायाच्या बोटांमधला सगळ्यात अवघड. तिथे बोट घातलं की लाख्या पाय मागे घ्यायचा आणि ओठ वर करायचा, दात दिसायचे. मी म्हणायचे, "हो रे, हो रे," आणि हात तिथेच ठेवायचे. माझे हात इतके कापत होते की तेल आपोआपच चोळलं जात होतं.

कान हळूहळू सुटला. मागे एक गठ्ठा उरला तो काही केल्या सुटेना. त्याच्याखाली माझा बारीक दातांचा कंगवा सरकवला, कातडी आणि कात्रीच्या मध्ये, आणि कंगव्याच्या वरून कापला. तेवढाच कापावा लागला. आत्या म्हणाल्या, "लय धीराची निघालीस गं तू." पुन्हा लिक्विड, पुन्हा पाणी, आणि जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षा.

रिक्षात तो खोकला. एकदाच, कोरडा. मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला आणि दवाखान्यापर्यंत तो काढला नाही. वर, खाली. वर, खाली. हे मला चांगलं येतं. तुम्हाला झोप लागली की मी तुमच्या पाठीवर असाच हात ठेवून पडून राहायचे, खोकला सुरू झाल्यापासून रोज. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असतात. किंवा हसला नसतात, आणि मग मी जास्तच घाबरले असते. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "ताई, चावत नाही ना?" मी म्हणाले, "माहीत नाही."

डॉक्टर मॅडमनी त्याची छाती ऐकली. पुढून, मागून, डाव्या बाजूने. तेवढा वेळ मी भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत होते आणि एक अक्षर वाचत नव्हते. त्या म्हणाल्या, "आत्ता तरी स्वच्छ आहे." मी म्हणाले, "पुन्हा ऐका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरंच पुन्हा ऐकली. मानेची कातडी लाल झाली होती, तिला मलम दिलं, गळ्यात नरसाळ्यासारखं ते प्लास्टिक घातलं, आणि एक-दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. तेल लावलंत ते बरं केलंत, म्हणाल्या, थोडं चाटलं तरी फार तर पोट बिघडेल. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मग जे काही रडायचं होतं ते रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी घर भरलेलं होतं, माणसं, भांडी, फोन. रडायला असं नीट मिळालं नव्हतं.

घरी आले तर आत्यांनी सगळी दारं-खिडक्या उघडून फरशी दोनदा पुसून घेतली होती. नवी वात करून बसल्या होत्या. मला वाटलं आता बोलणार. त्या म्हणाल्या, "तूच लाव. त्याचा राग लय येळ टिकत नसतो, मला माहीत हाय, मी त्याला कडेवर खेळवलाय." मी लावला. लाख्या उंबरठ्याशी थांबला, माझ्याकडे बघत. मी म्हणाले, ये. तो ते नरसाळं दाराला आपटत आत आला आणि दिव्यापासून हातभर लांब बसला. मी आणि आत्या दोघीही तो दिवा आणि ते कुत्रं यांच्या मधोमध बसलो, उगीच परीक्षा नको म्हणून.

तुम्ही मधला वेळ अंधारात होतात, त्याची मला भीती वाटते. आत्या काही म्हणोत. ती वाट कशी असते, तिथे अडखळायला होतं का, मला काही ठाऊक नाही. तुम्हाला कधी अंधाराची भीती वाटली नाही, भीतीचं खातं सगळं माझ्याकडेच होतं. तरी अडखळला असाल तर शिव्या मला द्या.

तेरावा नीट पार पडला. लाख्या तेव्हापासून खातो. पुन्हा खोकला नाही. मी अजून दिवसातून कितीदा तरी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवते आणि तो ठेवू देतो. आता त्याच्या अंगाला तेलाचा आणि माझ्या हातांचा वास येतो. फाटकाकडे तोंड करून बसतो अजूनही, पण आतून माझा आवाज आला की एक कान फिरवतो, तोच कान, ज्याच्या मागचे केस कापलेत. मला त्याची भीती वाटायची ती गेली. आता तो शिंकला तरी मी धावते, ही नवीन भीती तुम्ही जाता जाता मला देऊन गेलात. बरं केलंत. नाहीतर या घरात मी कुणासाठी उठले असते?

काल दिलीप पहिल्यांदा कामावर गेला. राहिलेलं काम होतं, तुम्हीच घेतलेलं, कुणाचं तरी देवघर. संध्याकाळी तो इकडूनच गेला, चहाला. मागच्या नळाशी थांबला. मी खिडकीतून बघत होते. डोक्यावर नुकते केस उगवायला लागलेले, पाठ तुमच्यासारखीच थोडी वाकलेली. त्याने डबा उघडला, चिंधी बुडवली, हात पुसायला लागला. लाख्या फणसाखालून उठला. नाक वर करून क्षणभर थांबला आणि मग धावत सुटला, शेपटी हलवत, थेट त्या हातांकडे.

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं. "दिलीप, हात वर कर. त्याला शिवू नकोस. टाक ती चिंधी." दिलीप दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला. मी अनवाणी बाहेर गेले, लाख्याचा पट्टा धरून त्याला मागे बांधला, डब्याचं झाकण लावलं, आणि स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आणून नळाशी ठेवली.

"या घरात हात तेलाने धुवायचे," मी म्हणाले. "धुवायचे नसतील तर यायचं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याशी असं कधी बोलले नव्हते. तुमच्याशीही नाही. तो खाली बसला, तेल घेतलं आणि बोटांच्या पेरांतून चोळायला लागला. डाग सुटत होता, हळूहळू, पण सुटत होता. मान वर न करता म्हणाला, "दादाला का नाही सांगितलं वहिनी असं?"

"सांगितलं होतं. रोज."

"मग?"

"मग काय. हसायचे."

दिलीप हसला नाही. तो कोपरापर्यंत तेल चोळत राहिला आणि मी त्याच्या हातांकडे बघत तिथेच उभी राहिले. कातडी तशीच फुटलेली, अंगठ्याचं नख तसंच रुंद. तुमचेच हात आहेत हो ते.